सीए इंटरनंतर एसीसीए की सीएमए: पेपरांची सूट कधी मागावी आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका विद्यार्थिनीने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून बी.कॉम. पूर्ण केले आहे, सीए इंटरचे, म्हणजे सीएच्या मधल्या पायरीचे, दोन्ही ग्रुप ती उत्तीर्ण झाली आहे आणि सध्या तिची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे सक्तीचे प्रशिक्षण, चालू आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या मावसभावाने तिला एसीसीए (ब्रिटनमधील लेखापाल संस्थेची पदवी) सुचवले, कार्यालयातील एका वरिष्ठाने सीएमए (भारतातील कॉस्ट अकाउंटंटची पदवी) सुचवले, आणि दोघांनीही बरेच पेपर माफ होतील असे सांगितले. जास्त सूट कोठे मिळते आणि अर्ज आताच करून ठेवावा का, असे तिने विचारले आहे.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत, ते आधी सुटे करू. किती पेपर माफ होतात हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत मिळते. उरलेले पेपर देण्याची तुमची तयारी आज किती आहे आणि ती पदवी हाती आल्यावर तुम्ही कोणते काम करणार आहात, हा दुसरा प्रश्न, आणि निर्णय त्यावर व्हायला हवा. माझ्याकडे आर्टिकलशिप करून गेलेल्या मुलांशी या विषयावर माझे वारंवार बोलणे होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना माफ झालेल्या पेपरांची यादी पाठ असते, पण उरलेल्या पेपरांचा अभ्यासक्रम त्यांनी उघडूनही पाहिलेला नसतो. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग मी उरलेल्या पेपरांसाठी ठेवला आहे.

विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तीन निरनिराळ्या गोष्टींना सरसकट एक्झेम्प्शन म्हटले जाते, त्यामुळे गोंधळ वाढतो. एखाद्या पेपरात ६० किंवा अधिक गुण मिळाले की तो पेपर पुढच्या तीन प्रयत्नांत पुन्हा द्यावा लागत नाही, ही सीए परीक्षेतील अंतर्गत सूट झाली आणि तिचा दुसऱ्या संस्थेशी काही संबंध नाही. दुसरी सूट प्रवेशापुरती असते. उदाहरणार्थ, वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ५५ टक्के गुण असतील तर तो फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट सीए इंटरला बसू शकतो, आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा सीएमए इंटरच्या पातळीवरील परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही हीच मुभा आहे. तिसरी सूट एका संस्थेची पात्रता पाहून दुसऱ्या संस्थेने विशिष्ट पेपर माफ करण्याची. तुमचा प्रश्न या तिसऱ्या सुटीचा आहे.

या तिसऱ्या सुटीला दिशा असते. सीए होऊन एसीसीएकडे गेलात तर तेरापैकी नऊ पेपर माफ होतात. एसीसीए होऊन सीएकडे आलात तर इंटर किंवा फायनलचा एकही पेपर माफ होत नाही. विद्यार्थ्यांना हा अन्याय वाटतो, पण त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. भारतीय सनदी लेखापाल संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली आहे आणि कंपनीचा लेखापरीक्षक सनदी लेखापालच, म्हणजे सीएच असावा, असे २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १४१ सांगते. ज्या परीक्षेतून देशातील ताळेबंदांवर स्वाक्षरी करण्याचा कायदेशीर अधिकार मिळतो, ती परीक्षा येथील कायदा आणि येथील कर यांवर घेतली जाणार. परदेशी अभ्यासक्रमात ते विषय नसल्याने सूट देण्याला आधार राहत नाही. तेव्हा महाराष्ट्रात स्वतःची प्रॅक्टिस करायची, टॅक्स ऑडिट करायचे असा तुमचा विचार असेल, तर एसीसीएचे कितीही पेपर माफ झाले तरी त्याने तो अधिकार मिळत नाही. याउलट पुण्यातील खराडी-हिंजवडीच्या परदेशी कंपन्यांच्या सेवाकेंद्रांत, आखाती देशांत किंवा इंग्लंड-आयर्लंडच्या कामात तुम्हाला रस असेल, तर एसीसीएचा उपयोग खरा आहे.

आता एसीसीएची रचना पाहू. सध्याच्या रचनेत तीन पायऱ्या आहेत: अप्लाइड नॉलेजचे तीन पेपर, अप्लाइड स्किल्सचे सहा आणि स्ट्रॅटेजिक प्रोफेशनलचे चार. शेवटच्या चारांपैकी स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर आणि स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग हे दोन सक्तीचे आहेत आणि उरलेले दोन चार पर्यायांतून निवडायचे असतात. सूट फक्त पहिल्या दोन पायऱ्यांवर मिळते. शेवटच्या पायरीवर ती कोणालाही मिळत नाही, मग तो वीस वर्षांचा अनुभव असलेला सीए का असेना. सीए इंटरच्या बळावर पहिल्या पायरीचे पेपर आणि दुसऱ्या पायरीवरचे काही पेपर माफ होतात. सीए फायनल झाल्यावर दोन्ही पायऱ्यांचे सगळे नऊ माफ होतात. म्हणजे आज अर्ज केलात तर मधले काही पेपर तुमच्या अंगावर राहतील, आणि फायनलनंतर अर्ज केलात तर तेच पेपर आपोआप सुटतील.

आज नोंदणी करून पुढे फायनल झाल्यावर वाढीव सूट मागता येते, त्यामुळे आता अर्ज केल्याने कायमचे नुकसान होते असे नाही. पण नोंदणी झाली की दर वर्षी १ जानेवारीला वार्षिक वर्गणी देय होते, आणि माफ झालेल्या प्रत्येक पेपरासाठी वेगळे शुल्क पौंडांत द्यावे लागते. सूट फुकट असते हा समज बऱ्याच पालकांचा असतो. नऊ पेपरांची सूट म्हणजे नऊ पेपरांचे शुल्क. काही शिकवणी संस्थांमार्फत नोंदणी केल्यास या शुल्कात सवलतीच्या योजना असतात, त्या जरूर विचाराव्यात, मात्र सवलतीची मुदत संपत आली म्हणून घाईने नोंदणी करू नये. दोन वर्षे एकही पेपर न देता केवळ वर्गणी भरत राहिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. आर्टिकलशिप आणि फायनलचा अभ्यास यांत त्यांना तिसऱ्या गोष्टीसाठी वेळच मिळाला नव्हता.

घाई करणाऱ्यांचा आणखी एक युक्तिवाद असतो की आज सूट घेऊन ठेवली म्हणजे ती सुरक्षित राहील. तुमची सीए इंटरची पात्रता कोठे जात नाही, पण दुसऱ्या संस्थेचा अभ्यासक्रम बदलतो आणि त्याबरोबर सुटीचा हिशेबही बदलतो, हे मात्र खरे आहे. एसीसीएने २०२७ पासून नवी रचना आणण्याचे जाहीर केले आहे. तुमची फायनल साधारण त्याच सुमारास होणार असेल, तर मी वर सांगितलेली पेपरांची विभागणी तुम्ही अर्ज करण्याच्या दिवशी पुन्हा तपासून घ्यावी लागेल. त्या दिवशी लागू असलेला तक्ता तेवढा खरा मानावा. मित्राला कधीकाळी मिळालेली सूट तुम्हालाही मिळेलच असे नाही.

आता उरलेल्या चार पेपरांकडे वळू.

स्ट्रॅटेजिक बिझनेस रिपोर्टिंग हा पेपर आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांवर, म्हणजे आयएफआरएसवर आहे, आणि तो अप्लाइड स्किल्समधल्या फायनान्शियल रिपोर्टिंगच्या पायावर उभा आहे. सीए झालेल्याला तो पायाचा पेपर माफ होतो, कारण फायनलच्या पहिल्या पेपरात त्याने इंड एएस, म्हणजे आयएफआरएसच्या धर्तीवरची भारतीय लेखामानके, शिकलेले असते आणि इंड एएस बहुतांशी आयएफआरएसशी जुळते. पण जेथे ते जुळत नाही नेमके तेथेच गुण जातात. गुंतवणूक म्हणून धरलेल्या मालमत्तेचे उदाहरण घ्या. इंड एएस ४० मध्ये ती मालमत्ता फक्त मूळ किमतीच्या पद्धतीने दाखवता येते. आयएएस ४० या आंतरराष्ट्रीय मानकात वाजवी मूल्याची पद्धतही चालते आणि मूल्यातील वाढ-घट नफा-तोट्यात जाते. दुसरी कंपनी तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा स्वस्तात विकत घेतली, तर आयएफआरएस ३ प्रमाणे तो लाभ नफा-तोटा पत्रकात येतो. इंड एएस १०३ मध्ये तो सर्वसाधारणपणे इतर सर्वसमावेशक उत्पन्नातून, म्हणजे नफा-तोट्याबाहेर दाखवून, भांडवली राखीव निधीत जातो. फायनलमध्ये घोटून पक्के केलेले उत्तर येथे चुकीचे ठरते, आणि पायाचा पेपर दिलेला नसल्यामुळे ते चुकीचे आहे हे सांगणारे आधी कोणी भेटलेले नसते. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. इंटरच्या पातळीवर तुम्ही जुनी लेखामानके शिकला आहात, इंड एएसची ओळख फायनललाच होते. म्हणून इंटरच्या जोरावर शेवटच्या पायरीपर्यंत धाव घेण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगतो.

पर्यायी पेपरांची निवड करतानाही सुटीचा परिणाम जाणवतो. करांचा पेपर तुम्हाला भारतीय करांच्या ज्ञानावर माफ होतो, पण ॲडव्हान्स्ड टॅक्सेशनचा पर्याय घेतलात तर तो ब्रिटिश करांवर असतो आणि माफ झालेल्या पेपरातील ब्रिटिश कर तुम्हाला येतातच असे तो गृहीत धरतो. माझी करांवर चांगली पकड आहे म्हणून हा पर्याय निवडणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट भारतीय सीएला तुलनेने सोपा जातो, कारण फायनलचा दुसरा पेपर त्याच विषयाचा आहे. लेखापरीक्षणाचा पर्यायही जवळचा आहे, फक्त येथेही एक मोठा फरक नीट समजून घ्यावा. आपल्या सीए संस्थेच्या मूळ एसए ६०० या लेखापरीक्षण मानकाप्रमाणे समूहाच्या उपकंपन्यांचे लेखापरीक्षण दुसऱ्याने केले असेल तर मुख्य लेखापरीक्षक त्या कामावर विसंबू शकतो आणि जबाबदारीची विभागणी अहवालात सांगतो. आंतरराष्ट्रीय आयएसए ६०० मध्ये संपूर्ण जबाबदारी समूहाच्या लेखापरीक्षकाचीच राहते. परीक्षेतल्या मोठ्या प्रश्नात समूह असतोच असे धरून चालावे.

परीक्षेची पद्धतही वेगळी आहे. सीएची वर्णनात्मक उत्तरे आपण हाताने लिहितो. एसीसीएची परीक्षा संगणकावर होते, आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये आणि उत्तर टंकलिखित करायचे असते. स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडरमध्ये तर १०० पैकी २० गुण व्यावसायिक कौशल्यांना असतात, म्हणजे संचालक मंडळाला लिहिलेले टिपण संचालकांना वाचण्याजोगे आहे का, हे तपासले जाते. नव्या योजनेतील सीए फायनलचा सहावा पेपर, जो अनेक विषय एकत्र आणणाऱ्या प्रकरणांवर आणि पुस्तक उघडे ठेवून द्यायचा आहे, त्या पेपराचा सराव येथे फार कामाला येतो. फायनलनंतर लगेच एसीसीए देणाऱ्यांना मी हा क्रम सुचवतो: आधी रिपोर्टिंग, कारण इंड एएस ताजे असते, मग फायनान्स, आणि लीडरचा पेपर थोडा अनुभव गाठीला आल्यावर. शेवटच्या पायरीवरचा पहिला पेपर उत्तीर्ण झालात की सात वर्षांचे घड्याळ सुरू होते आणि त्या मुदतीत त्या पायरीवरचे सगळे पेपर पूर्ण करावे लागतात, एवढे ध्यानात असू द्या. नऊ पेपर माफ झाले तरी नीतिमत्ता आणि व्यावसायिक कौशल्यांचे मॉड्यूल आणि ३६ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव यांतून सुटका नाही.

अनुभवाच्या बाबतीत तुम्हाला एक गोष्ट आजच करता येण्याजोगी आहे. तुमची आर्टिकलशिप एसीसीएच्या ३६ महिन्यांत धरली जाऊ शकते, परंतु केवळ महिने भरून भागत नाही. ठरावीक नऊ उद्दिष्टे तुम्ही प्रत्यक्ष कामातून गाठली, हे पात्र लेखापालाने स्वाक्षरीने मान्य करावे लागते आणि तुम्ही ज्यांच्याकडे आर्टिकलशिप करता ते सीए असल्याने ही स्वाक्षरी देऊ शकतात. दोन-तीन वर्षांनी मागे वळून कोणत्या ऑडिटमध्ये आपण काय केले हे आठवणे कठीण जाते. म्हणून नोंदणी केलेली नसली तरी कामाची वही आजपासून ठेवा: कोणत्या प्रकारचा अशील, कोणते काम, तुमचा त्यातला वाटा आणि वरिष्ठाने काय दुरुस्त केले. जुलै २०२३ पासूनच्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली आहे, तेव्हा ती पूर्ण धरली गेली तरी उरलेले बारा महिने नोकरीतून भरावे लागतील. आणि आर्टिकलशिप चालू असताना दुसरा कोणताही अभ्यासक्रम सुरू करायचा तर आपल्या संस्थेची पूर्वपरवानगी, म्हणजे फॉर्म ११२, घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. दुसऱ्या संस्थेच्या सुटीमागे धावताना पहिल्या संस्थेचा नियम मोडला जाणे परवडणारे नाही.

सीएमएचा हिशेब वेगळा आहे. कोलकात्यात मुख्यालय असलेली कॉस्ट अकाउंटंट्स संस्थाही १९५९ च्या कायद्याने स्थापन झालेली आहे आणि कंपनी कायद्याच्या कलम १४८ खालचे कॉस्ट ऑडिट हे तिच्या सभासदांचे क्षेत्र आहे. साखर, सिमेंट, औषधे अशा उत्पादक कंपन्यांत किंवा सार्वजनिक उपक्रमांत काम करण्याची इच्छा असेल तर ही पदवी सीएला चांगली जोड देते. नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यातल्या कारखान्यांचे काम तुमच्या कार्यालयात येत असेल, तर वरिष्ठांनी ते सुचवण्यामागे हाच विचार असावा. २०२२ च्या अभ्यासक्रमात इंटर आणि फायनल प्रत्येकी आठ पेपरांचे आहेत, सीए इंटरमुळे थेट इंटरला प्रवेश मिळतो आणि विषय जुळणारे काही पेपर अर्ज केल्यावर माफ होतात.

येथे मात्र सूट मागण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसा. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. पात्रतेच्या आधारावर माफ झालेल्या पेपराला गुण नसतात, त्यामुळे ५० टक्क्यांची अट उरलेल्या पेपरांवर येऊन पडते. समजा, चार पेपरांच्या ग्रुपमध्ये लेखांकन आणि कर हे तुमचे हक्काचे दोन पेपर तुम्ही माफ करून घेतले आणि उरलेल्या दोनांत ४४ आणि ५२ गुण मिळाले. बेरीज ९६ होते, २०० पैकी १०० लागतात, म्हणून तुम्ही अनुत्तीर्ण. तेच हक्काचे पेपर दिले असते आणि त्यांत ६० आणि ५८ मिळाले असते, तर एकूण २१४ होऊन तुम्ही सहज पार झाला असता. एसीसीएमध्ये ही अडचण येत नाही, कारण तेथे प्रत्येक पेपर स्वतंत्र आहे आणि ५० टक्क्यांवर उत्तीर्ण होतो. म्हणून सीएमएमध्ये माझा सल्ला असा की ज्या विषयाचा तुम्हाला कंटाळा आहे किंवा जो विसरला आहात त्याची सूट घ्या, आणि ज्यात हमखास ६० मिळतात तो पेपर द्या. सूट अर्ज केल्यावरच मिळते, त्यामुळे न मागण्याचा मार्ग तुमच्यासाठी खुला असतो. कंपनी सेक्रेटरीच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो.

अमेरिकन पदव्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न बहुधा तोच येतो. अमेरिकेतील सीएमए दोनच भागांचे आहे आणि त्यात कोणालाही सूट नाही. अमेरिकन सीपीएमध्ये, म्हणजे तेथील लेखापालाच्या परवान्यासाठी, चार परीक्षा द्याव्या लागतात. परस्पर मान्यतेच्या करारांत असलेल्या मोजक्या देशांच्या लेखापालांसाठी वेगळा मार्ग आहे, पण त्यांत भारत नाही. तेथे तुमच्या बी.कॉम. आणि सीएचा उपयोग शैक्षणिक क्रेडिट मोजण्यापुरता होतो आणि ते कसे मोजायचे हे प्रत्येक राज्याचे मंडळ आपापल्या पद्धतीने ठरवते. आपल्या संस्थेचे इंग्लंड-वेल्सच्या संस्थेशी २००८ पासून आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संस्थांशीही सामंजस्य करार आहेत. ते सगळे करार सभासदांसाठी आहेत, इंटर झालेल्यांसाठी नाहीत.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: फायनलचा निकाल लागेपर्यंत एसीसीएची नोंदणी करू नका. याला मी दोन अपवाद मानतो. सीए फायनल देणार नाही असा निर्णय तुम्ही मनाशी खरोखर घेतला असेल, किंवा दीड-दोन वर्षांत परदेशी स्थायिक होणे कौटुंबिक कारणाने नक्की असेल, तर थांबण्यात अर्थ नाही; इंटरची सूट घेऊन मधले पेपर व्यवस्थित द्यावेत, आणि ते देताना आयएफआरएसचा पाया पक्का होतो हा फायदाही आहे. सीएमएचा विचार मात्र आताही करता येईल, परंतु फॉर्म ११२ ची परवानगी मिळाल्यावर आणि कारखान्यांच्या कामात तुम्हाला स्वतःला गोडी वाटत असेल तरच.

अर्ज जेव्हा कराल तेव्हासाठी कागदपत्रांबद्दल सांगतो, कारण आपल्याकडचे बहुतेक अर्ज येथेच अडकतात. विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि आईचे नावही असते, सीएच्या गुणपत्रकावर नावाचा क्रम निराळा असतो, पासपोर्टवर वडिलांचे नाव मधल्या नावात गेलेले असते, आणि लग्नानंतर नाव बदलले असेल तर चौथेच रूप तयार होते. परदेशी संस्थेतील तपासनिसाला ही चारही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे कळत नाही आणि पत्रव्यवहारात महिने निघून जातात. नोंदणी पासपोर्टवरील नावानेच करा. नावात फरक असेल तर राजपत्राची प्रत, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच जोडा. केवळ उत्तीर्ण प्रमाणपत्र न जोडता सर्व सत्रांची गुणपत्रके आणि इंटरच्या दोन्ही ग्रुपची गुणपत्रके द्या. सूट मंजूर झाल्याचे कळले की कोणकोणते पेपर माफ झाले ते संस्थेच्या त्या दिवशीच्या तक्त्याशी ताडून पाहा, आणि एखादा पेपर राहिला असेल तर शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारा.